कडता

बाप्तिस्मा झाला तेव्हा मी सव्वा महिन्याचा होतो,
रडलो म्हणे फार,
म्हणून नाव ठेवलं शांतवन.
तेव्हापासून विश्वास माझ्याकडे होताच,
घरात रेशनकार्ड असतं तसा:
पत्र्याच्या पेटीत, तळाशी,
लागलं की काढायचं.

आमच्या देवळाला घंटा नाही.
कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आहे.
दर रविवारी सब्बलीनं तो मीच वाजवायचो,
आवाज पार जिनिंगच्या फाटकापर्यंत जायचा.
सोमवारी त्याच फाटकात मी मापारी.

कापसाचं गाठोडं काट्यावर चढलं
की माझा अंगठा दांडीवर टेकायचा,
माशी बसावी इतका हलका.
दीड किलो. कधी दोन.
शेठ त्याला कडता म्हणायचा.
मीही कडताच म्हणायचो,
त्या शब्दात चोरी ऐकू येत नव्हती.

आणि प्रभुभोजनाला
पाळकसाहेब पोळीचा तुकडा पुढे करत,
तो मी उचलायचो ह्याच अंगठ्यानं,
वर मनुकांच्या पाण्याचा घोट.
घशात कधी काही अडकलं नाही.
आता ते आठवलं की अडकतं.

वळण कुठे आलं विचाराल
तर सांगण्यासारखं काही नाही.
उजेड पडला नाही, हाक आली नाही.
चैत्रात आमचं एकरभर शेत भेगाळलं होतं,
आणि रूथची बांगडी एका भेगेत पडली.
मी पालथा पडलो, खांद्यापर्यंत हात घातला.
वरची माती तव्यासारखी,
कोपरापाशी कोमट,
आणि अगदी खाली, बोटांच्या टोकांना,
ओल.

बांगडी काही सापडली नाही.
रूथ रडून घरी गेली.
मी तसाच पडून राहिलो, कानात मुंग्या.
बाप म्हणायचा, ही काळी स्वतःच स्वतःला नांगरते.
पऱ्हाटीचा पाला, शेण, पाखराचं पीस,
सगळं भेगांतून खाली जातं,
मग भेगा बुजतात
आणि वरचं खालचं होतं.
चाळीस वर्षं ऐकलेला शब्द
माझ्यात नुसता वर पडून होता.
वारा सुटला की उडायचा.
भेग पडायचीच राहिली होती.

कार्तिकात बेनूबाई गेडाम गाठोडं घेऊन आल्या.
काट्याकडे बघतही नव्हत्या,
बघून काय होतं ते त्यांना ठाऊक.
अंगठा उठला. दांडीच्या वर आला.
तिथेच थांबला.
कुणी धरला नव्हता.
मी आकडा वाचला, एकेचाळीस.
त्या दचकल्या.
"घरी बी एकेचाळीसच भरला होता, बाप्पा,"
म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच.

शेठनं दोन दिवस पाहिलं.
तिसऱ्या दिवशी काटा दुसऱ्याकडे,
माझ्या पाठीवर गठाणी.
मंडळीतलेच म्हणाले,
"काय शांतवन, तुले एकट्यालेच जायाचं हाय का सर्गात?"
एस्तेर काही बोलली नाही.
वरणात पाणी वाढवलं तिनं,
आणि रात्री अंधारात
माझा अंगठा मुठीत धरून झोपली.

मागच्या अठरा वर्षांचा कडता
कुणाकुणाला परत द्यायचा
त्याची माझ्याकडे वही नाही.
चार जण आठवले, त्यांच्या दारी जाऊन आलो.
एकानं चहा पाजला. एकानं शिव्या दिल्या.
एक वारला होता.
चौथा म्हणाला, मले वाटलंच होतं,
आणि पुन्हा दाढी करू लागला.

अंगठा अजून वळवळतो,
खोटं नाही सांगत.
किराण्याच्या दुकानात तागडी दिसली तरी.

रविवारी रूळ वाजवतो.
पहिल्या टोल्याला हात झिणझिणतो
बोटांपासून खांद्यापर्यंत,
जिथवर तेव्हा भेगेत गेला होता.